पाठीराखा राजा : राजर्षी छत्रपती शाहू महाराज



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा तीत एका महापुरुषाचे चरित्र असावे असा विचार पुढे आला. नावे पुष्कळ निघाली. शेवटी आम्ही राजर्षी शाहू महाराजांचे नाव नक्की केले. त्याला कारणही तसेच आहे. दरवर्षी २६ जूनला आपण महाराजांच्या फोटोला हार घालतो, मेणबत्ती लावतो, दोन शब्द बोलतो. लहान पोरांना विचारलं तर तीही सांगतात, की शाहू महाराजांनी आरक्षण दिलं. खरं आहे ते. पण आरक्षणाचा हुकूम हे महाराजांच्या कार्याचे एक पान झाले. बाकीची पाने आपण फारशी उलटत नाही.

महाराजांनी नुसते दिले नाही. ज्याला दिले त्याच्या पाठीशी ते शेवटपर्यंत उभे राहिले. शिकणाऱ्याला खोली दिली, धंदा करणाऱ्याला भांडवल दिले, समाजासाठी झटणाऱ्याला मान दिला, आणि हे सगळे करून वर स्वतः त्याच्या दारात गेले. नवीन काही करू पाहणाऱ्या माणसाला आजूबाजूने कसा आधार द्यावा, याचा धडा महाराजांच्या आयुष्यातून मिळतो. तो आपल्या वस्तीला आज फार गरजेचा आहे, असे आम्हास वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

बालपण व राज्यारोहण

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. मूळ नाव यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे त्यांचे वडील व राधाबाई या मातोश्री. आईचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ साली वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. म्हणून राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. दोनच वर्षांत वडीलही गेले. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर राज्याचा भार, आणि मायेचे माणूस मात्र उरले नाही.

पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व नंतर धारवाडला त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या वेळी महाराजांचे वय होते अवघे १९ वर्षे. आपल्याकडे या वयाची पोरं कॉलेजच्या फाटकाशी गप्पा मारीत उभी असतात!

गादीवर बसल्यावर महाराजांनी आपल्या कारभाराकडे नजर टाकली. दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे, ब्राह्मण. बाकीच्या अठरापगड जातींनी शेत कसायचे, ओझी वाहायची, सारा भरायचा, आणि कचेरीच्या पायरीशी हात जोडून उभे राहायचे. महाराजांनी ठरवले की हे बदलायचे. पण बदलायचे कसे? नोकरी द्यायची म्हटले तरी शिकलेला माणूस हवा. शिकलेला माणूस हवा तर शाळा हवी. शाळा आहे, पण ती शहरात आहे, आणि पोरगा खेड्यात. तो शहरात येऊन राहणार कुठे आणि जेवणार काय? महाराजांनी प्रश्नाचा धागा असा मुळापर्यंत नेला, हे त्यांचे मोठेपण.

वसतिगृहांचे गाव

म्हणून १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजाराम वसतिगृह सुरू झाले. हेतू चांगला होता, पण तिथे हळूहळू पुढारलेल्या वर्गाच्याच मुलांचा भरणा झाला. खेड्यातला बुजरा पोरगा तिथे टिकेना. महाराज निराश झाले नाहीत. त्यांनी वाट बदलली. प्रत्येक समाजातल्या जाणत्या माणसांना बोलावले, आणि तुम्ही तुमच्या पोरांची जबाबदारी घ्या, जागा आणि मदत मी देतो, असा त्यांच्याशी जणू करारच केला.

१९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. पाठोपाठ मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, ख्रिस्ती, ढोर-चांभार, सुतार, नाभिक अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. आपल्या अस्पृश्य समाजासाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. हे नाव देण्यात महाराजांचे धोरणही असावे. गव्हर्नरच्या लेकीच्या नावाच्या वास्तूकडे वाकड्या डोळ्याने बघायला कोण धजावणार?

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. महाराज राजे होते. मनात आणले असते तर सगळी बोर्डिंगे सरकारी खजिन्यातून चालवता आली असती. पण त्यांनी तसे केले नाही. जागा दिली, इमारतीला मदत दिली, कायमचे उत्पन्न लावून दिले. कारभार मात्र त्या त्या समाजाच्या माणसांच्या हाती ठेवला. त्यामुळे काय झाले? शिंप्यांच्या, सुतारांच्या, जैनांच्या घराघरांतून धान्य आणि वर्गणी येऊ लागली. पोरगा कुणाचा का असेना, तो आपला आहे, ही भावना तयार झाली. नुसता पैसा दिला तर माणूस मिंधा होतो. जबाबदारी दिली तर माणूस उभा राहतो.

जातवार बोर्डिंगे काढून महाराज जातिभेद वाढवतात, अशी टीकाही त्या काळी झाली. टीका करणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की महाराजांनी सुरुवात सर्वांच्या एकत्र वसतिगृहापासूनच केली होती. पुढे १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या, आणि आपली मुले सर्वांबरोबर एका शाळेत बसतील असा हुकूम काढला. म्हणजे जातीची भिंत त्यांना पाडायचीच होती. पण भिंत पाडायला जे हात लागतात, ते आधी बळकट करावे लागतात.

या वसतिगृहांमधून कोणती माणसे घडली, त्याचे एकच उदाहरण देतो. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला गेलास, आता आंघोळ करून आत ये, असे त्याला फर्मावण्यात आले. तो विद्यार्थी अडून बसला. मला विटाळ झालेला नाही, मी आंघोळ करणार नाही, अशी त्याची भूमिका. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तेव्हा त्याला राजवाड्याच्या आसऱ्याला राहायला मिळाले. हा विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील! १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या आपल्या बोर्डिंगला शाहू महाराजांचेच नाव दिले. त्या एका मुलाला त्या रात्री आसरा मिळाला नसता तर? विचार करा.

हुकूम आणि विरोध

आता आरक्षणाचे सांगतो. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेला गेले होते. तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, राज्याच्या गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरल्या जातील. राज्यघटना येण्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट आहे.

त्याच सुमारास वेदोक्ताचे प्रकरण पेटले होते. पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी महाराजांसाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले जात होते. कारण पुरोहिताच्या लेखी छत्रपतीसुद्धा शूद्र! छत्रपतींची ही कथा, तर तुमच्या-आमच्या आज्या-पणज्यांचे काय हाल असतील? या अपमानाने महाराजांचे डोळे उघडले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाला त्यांनी जवळ केले. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली, आणि १९१३ मध्ये बहुजनांतलेच पुरोहित तयार करणारी शाळा सुरू झाली. इथेही पाहा, नुसता निषेध करून महाराज थांबले नाहीत. पर्यायी माणसे उभी केली.

पुढे १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. जो आई-बाप मूल शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे! त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली.

भाकरीचा प्रश्न

महाराजांना एक पक्के ठाऊक होते. शिक्षण झाले, पण पोटाला नाही, तर माणूस पुन्हा कुणाच्या तरी पायाशी जातो. म्हणून त्यांनी शाळांइतकेच लक्ष धंद्याकडे दिले.

कोल्हापूरला १८९१ मध्ये रेल्वे आली. महाराजांनी १८९५ साली स्टेशनजवळ शाहूपुरी ही पेठ वसवली. व्यापाऱ्यांना तिथे जागा दिल्या. आसपासच्या शेतकऱ्याचा गूळ या पेठेत येऊ लागला, आणि कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. पुढे मिरजेच्या वाटेवर वडिलांच्या नावाने जयसिंगपूर ही दुसरी बाजारपेठ वसवली. १९०६ मध्ये शाहू स्पिनिंग अँड विव्हिंग मिलची स्थापना झाली. ही गिरणी आता बंद आहे, पण कोल्हापूरच्या कित्येक पिढ्यांची चूल तिच्या भोंग्यावर पेटली. शेतीला पाणी हवे म्हणून भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. ते पूर्ण झाले महाराजांच्या पश्चात, पण दृष्टी त्यांची. पन्हाळ्याच्या डोंगरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही त्यांनी केले. अल्लादियाखाँसारखे गवई, आबालाल रहिमानसारखे चित्रकार आणि गावोगावचे पैलवान यांना त्यांनी आश्रय दिला, ते तर सर्वश्रुतच आहे.

पण आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट घडली ती १९१८ साली. त्या वर्षी महाराजांनी महार वतन बंद केले. वतन हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात जमिनीचा एक तुकडा देऊन सबंध घराण्याला गावाच्या दावणीला बांधण्याची ती सोय होती. दिवस नाही, रात्र नाही, सांगावा आला की धावायचे. मढ्याची वर्दी द्यायची, सारा वाहून न्यायचा, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे. महाराजांनी ती जमीन रयतावा करून ज्याची त्याच्या नावे केली आणि गावकीच्या जोखडातून माणूस मोकळा केला. पुढे वेठबिगारही बंद केली. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे, तीही बंद केली. फासेपारध्यांना घरे दिली, राखणदारीची कामे दिली. महारांतले तलाठी नेमले. अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता, त्याच्या हाती गावाचे दप्तर आले!

गंगाराम कांबळे यांचे हॉटेल

आता आम्ही ज्या प्रसंगासाठी हे चरित्र लिहायला घेतले, त्याकडे वळतो.

गंगाराम कांबळे नावाचे आपले एक बांधव महाराजांच्या पागेत नोकरीला होते. तिथे पाण्याचा एक हौद होता. त्या हौदाला आपल्या लोकांनी शिवायचे नाही, असा दंडक. गंगाराम यांचा हात त्या पाण्याला लागला, एवढेच निमित्त झाले. बरोबरच्या नोकरांनी त्यांना चाबकाने बेदम मारले. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. ते परत आल्यावर गंगाराम व त्यांचे सोबती महाराजांपुढे गेले आणि पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांचा संताप अनावर झाला. मारणाऱ्यांना त्यांनी कडक शिक्षा केली.

दुसरा कुणी राजा असता तर न्याय झाला म्हणून तिथेच थांबला असता. महाराज थांबले नाहीत. गंगाराम पुन्हा त्याच पागेत, त्याच माणसांत, त्याच हौदाशेजारी राबणार, याला काय अर्थ? म्हणून महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे केले, हाती भांडवल दिले आणि स्वतःचा धंदा काढ म्हणून सांगितले.

गंगाराम यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले सत्यसुधारक हॉटेल. रस्ता वर्दळीचा, हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक येईना! महाराच्या हातचा चहा प्यायचा कुणी? लोक समोरून जात आणि नाक मुरडीत. काही म्हणा, धंद्यात भांडवल ही निम्मी बाजू झाली. उरलेली निम्मी बाजू म्हणजे उंबऱ्याच्या आत येणारे पाऊल. ते पाऊल पैशाने विकत मिळत नाही.

ही बातमी महाराजांच्या कानावर गेली. महाराजांची खडखडा नावाची घोडागाडी कोल्हापुरात प्रसिद्ध होती. तो खडखडा त्या दिवसापासून सत्यसुधारक हॉटेलसमोर थांबू लागला. महाराज गंगाराम यांच्याकडून चहा मागवीत आणि भर रस्त्यात, सर्वांच्या देखत पीत. एकटे पीत नसत. बरोबरच्या सरदारांना, मानकऱ्यांना, कामानिमित्त भेटायला आलेल्यांना, सर्वांना चहा पाजीत. छत्रपतींनी घेतलेला चहा नको म्हणण्याची छाती कुणाची होती? एकेकाचा विटाळ असा चहाबरोबर घशाखाली उतरला.

महाराज हुकूम काढू शकले असते, की सर्वांनी या हॉटेलात चहा प्यावा. तसे हुकूम त्यांनी इतर बाबतीत काढलेही. १९१९ मध्ये विहिरी, धर्मशाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे आदेश त्यांनी दिले. पण गंगाराम यांच्या बाबतीत महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. हजार रुपयांच्या मदतीपेक्षा त्या एका कपाचे मोल जास्त होते. कारण मदतीने माणूस जगतो, गिऱ्हाइकाने धंदा जगतो. आणि महाराजांसारखे गिऱ्हाईक दारात उभे राहिले की धंद्याबरोबर माणसाची मानही ताठ होते.

बाबासाहेबांच्या पाठीशी

हेच महाराज पुढे आपल्या बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. बाबासाहेब अमेरिकेतून शिकून आले होते, मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात प्रोफेसर होते. विद्वत्ता अफाट, पण समाजापर्यंत पोहोचायला साधन नाही. कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांच्यासारखे कार्यकर्ते महाराज व बाबासाहेब यांच्यामधला दुवा झाले. महाराज बाबासाहेबांना भेटायला परळच्या चाळीत स्वतः गेले, असे आपली जुनी माणसे अभिमानाने सांगत आली आहेत. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्यासाठी महाराजांनी २,५०० रुपयांची देणगी दिली. मुक्या समाजाला वाचा फुटली, त्यात हा आधार होता, हे आपण विसरता कामा नये.

पण पैसे देऊन महाराज मोकळे झाले नाहीत. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते बाबासाहेब, वय वर्षे २८. महाराज तिथे जातीने हजर राहिले. जमलेल्या हजारो लोकांना त्यांनी सांगितले, की तुम्हाला तुमच्यातलाच खरा पुढारी मिळाला आहे, आणि हा माणूस पुढे साऱ्या देशाचा पुढारी होईल. स्वतः राजा असून त्यांनी पुढारीपण आपल्याकडे ठेवले नाही. ज्याचे त्याला दिले. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. त्याही काळात दोघांचा पत्रव्यवहार सुरू होता आणि महाराजांचा मदतीचा हात पुढे होता.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांसारखा प्रज्ञासूर्य! त्यांनासुद्धा उमेदीच्या काळात पाठीवर हात ठेवणारे कुणीतरी लागले. मग आपल्या गल्लीतल्या साध्यासुध्या पोराला किंवा पोरीला तो हात लागणार नाही का?

अखेर आणि पहिले स्मारक

६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतील पन्हाळा लॉजमध्ये महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. गादीवर आल्यापासून मिळाली जेमतेम २८ वर्षे. त्याआधी १९१९ साली कानपूरच्या कुर्मी समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी दिली होती. लोकांनी दिलेली ती पदवी आजही त्यांच्या नावापुढे लागते. २०२२ मध्ये त्यांच्या निधनाला १०० वर्षे झाली, तेव्हा कोल्हापुरात लोक जागच्या जागी १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले.

पण महाराजांचे कोल्हापुरातले पहिले स्मारक कुणी उभारले, ठाऊक आहे? ते संस्थानिकांनी उभारले नाही, की इंग्रज सरकारने उभारले नाही. १९२५ साली, नर्सरी बागेत, ते उभारले आपल्या अस्पृश्य समाजातल्या लोकांनी, आणि त्यात पुढाकार होता गंगाराम कांबळे यांचा! ज्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक येत नव्हते, तो माणूस काही वर्षांत राजाचे स्मारक उभारण्याइतका उभा राहिला. महाराजांच्या चहाचे पैसे गंगाराम यांनी असे फेडले, असे आम्ही म्हणतो.

आपण काय करणार?

आता थोडे आपल्याविषयी. बोलायला संकोच वाटतो, पण स्मरणिकेत गोड गोड लिहून काय उपयोग?

काही वर्षांमागे आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाने विहाराजवळ किराणा दुकान काढले. नोकरी मिळेना, म्हणून आईचे दागिने मोडून आणि सोसायटीचे कर्ज काढून. उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. भाषणे केली, पाठ थोपटली, पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्याच दुसऱ्या दुकानात जाऊ लागलो, कारण तिथे सवय होती. जे त्याच्याकडे गेले, त्यातल्या बऱ्याच जणांनी आपलाच आहे म्हणून उधारी केली आणि आपलाच आहे म्हणून ती थकवली. वर्षभरात दुकानाला कुलूप लागले. त्याचे कुणी वैर केले नाही. आम्ही फक्त गेलो नाही. आज तो मुलगा दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधतो. तो रस्त्यात भेटला की हसून जयभीम करतो, आणि आमचीच मान खाली जाते. महाराजांचे चरित्र लिहिताना तो मुलगा सारखा डोळ्यांपुढे येत होता, हे कबूल केले पाहिजे.

आपल्यापाशी महाराजांसारखे राज्य नाही, खजिना नाही, खडखडा नाही. परंतु महाराजांच्या कामाचा बराच भाग असा आहे, की त्याला राज्य लागत नाही. खेड्यातून परीक्षेला आलेल्या पोराला चार रात्री घरात जागा द्यायला राज्य लागत नाही. वस्तीतली बाई शिवणकाम करते, पापड करते, तर आधी तिच्याकडे विचारायला खजिना लागत नाही. तिचे पैसे रोख आणि वेळेवर द्यायला तर अजिबात लागत नाही. एखादा कार्यकर्ता रेशनकार्डासाठी, दवाखान्यासाठी लोकांबरोबर हिंडतो, त्याच्या घरी संध्याकाळी काय शिजले याची चौकशी करायला काय लागते? मन लागते, दुसरे काही नाही.

विहार आपण वर्गणी काढून, श्रमदान करून बांधला. विटा डोक्यावरून वाहिल्या, पाणी मारले, तेव्हा त्या चार भिंती उभ्या राहिल्या. माणूस उभा करायलाही तेवढेच श्रम लागतात, तेवढीच चिकाटी लागते. वास्तू एकदा बांधली की उभी राहते. माणसाच्या दारात मात्र उद्घाटनानंतरही, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी जावे लागते. महाराजांचा खडखडा त्या हॉटेलपुढे एक दिवस थांबून परत फिरला असता, तर गंगाराम कांबळे हे नाव आज आपल्याला ठाऊक झाले नसते.

म्हणून आमची सर्वांना नम्र विनंती आहे. येत्या २६ जूनला महाराजांच्या फोटोला हार अवश्य घालू या. आणि हार घालून झाल्यावर, घरी जाता जाता, आपल्या वस्तीतल्या ज्या कुणी नवीन टपरी, गाडा, दुकान टाकले असेल, तिथे थांबून रोख पैसे देऊन एक कप चहा घेऊ या. आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी जाऊ या.

राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!

जयभीम!